थाळी परत

तिसऱ्या दिवशीही बेड चौदाची थाळी परत.
वजन केलं : भाकरी नव्वद ग्रॅम,
मटकीची उसळ जशीच्या तशी.
गणित पुन्हा मांडलं,
किलोमागे सव्वा ग्रॅम प्रथिनं, मीठ बेताचं.
उत्तर बरोबरच येत होतं.

खळदकर मॅडमनी माझा तक्ता बघितलाच नाही.
सासवडच्या गोजराबाईंच्या उशाकडचा खण ओढला :
ओल्या फडक्यात कवळी.

“सैल झालीया बाई. बोलताना पडती.
शेजारची पोरं हसत्यात.”

खाली रास्ता पेठेत
दुपारच्या डब्यांच्या सायकली लागत होत्या.
मी उसळ वाटून आणली,
भाकरी ताकात कुस्करली.
बाई जेवत होत्या, पदर तोंडापुढे धरून,
आणि मी दुसरीकडे बघायला शिकत होते.

संध्याकाळी सहीसाठी वही पुढे केली.
मॅडमनी लाल पेनानं
तारीख तेवढी दुरुस्त केली.