ओलं मीठ

गोझोच्या उत्तर किनाऱ्यावर, जिथे खडक पायरी-पायरीनं समुद्रात उतरतो,
झारेनच्या आजोबांनी छिन्नीनं कोरलेली एकशे बारा कुंडं आहेत.
मे महिन्यात आम्ही ती खरवडतो.
हिवाळ्यानं ठेवून दिलेलं सगळं तळाशी असतं:
शेवाळ, गाळ, कुणाची तरी डाव्या पायाची चप्पल,
एकदा मेलेला समुद्रपक्षी, एक पंख उघडा.
न खरवडता पाणी भरलं तर मीठ करडं येतं.

ओलं विकलं तर मीठ जास्त भरतं.
एवढंच.
दोन दिवस वाळवायचं ते एकच दिवस वाळवायचं,
गोणी शिवायची. काटा खाली जातो
आणि माझा चेहरा जागच्या जागी राहतो.

दर शनिवारी संध्याकाळी पापनिवेदनाला जायचे मी.
लाकडी जाळीपाशी गुडघे टेकून
दुन अल्वीजना तीच यादी सांगायचे:
नणंदेला, चेत्तीनाला, टाकून बोलले.
शुक्रवारी सशाचा रस्सा चाखला, फक्त मीठ बघायला.
जपमाळ हातात असताना डोळा लागला.
पलीकडून ते हुं म्हणायचे,
तीन वेळा नमो मरिया सांगायचे,
आणि मी हलकी होऊन घरी यायचे,
गोणीइतकी नाही, पण हलकी.
ओल्या मिठाबद्दल मात्र
मिठाचीच गुळणी धरलेली,
एकोणतीस वर्षं.

मग मठातल्या सिस्टर बेनिन्या स्वतः आल्या, गोणी ढकलगाडीवर घालून.
आत मिठाचा दगड झालेला, फोडायला हातोडी लागेल असा.
म्हणाल्या, वाटेत पाऊस लागला का गं तुमच्या गाडीला?
मी हो म्हणाले.
बिचारी, म्हणाल्या, केवढं नुकसान झालं तुमचं,
आणि झग्याच्या खिशातून दोन लिंबं काढून
माझ्या हातावर ठेवली.

त्या शनिवारी यादी पुढे सरकेना.
चेत्तीनापाशीच अडले.
मग जाळीच्या भोकाशी तोंड नेऊन सांगितलं, वजनासकट.
बराच वेळ फक्त बाकाचं करकरणं.
'किती वर्षं?'
'मोजली नाहीत.'
'जिलोर्मा, तू तर कुंडांतली डबकीसुद्धा मोजतेस.'
'एकोणतीस.'
'माझ्या स्वयंपाकघरात तुझंच मीठ आहे.
दर हिवाळ्यात त्याचा गोळा होतो.
मला वाटायचं, बरणीच पाझरते. तीन बरण्या बदलल्या.'
मला हसू आलं. तिथे, गुडघ्यांवर. तेही सांगून टाकलं.
'तुझं मीठ खाल्लंय,' ते म्हणाले, 'म्हणून खरं बोलतो.
मठात जा. पावसाचं खरं काय ते सांग. मग ये.'

मठाच्या दारापर्यंतचा रस्ता चढाचा आहे.
तिथे काय झालं ते सिस्टर बेनिन्यांना विचारा.
मी फक्त एवढं सांगेन, की लिंबं त्यांनी परत घेतली नाहीत.

वाटलं, संपलं. धुतली गेले.
ऑगस्टमध्ये शलोक सुटला, दक्षिणेचा तो दमट, चिकट वारा,
काही म्हणता काही वाळेना,
आणि व्यापाऱ्याचा ट्रक धक्क्यावर भोंगा वाजवत उभा.
मी गोण्या शिवल्या.

'पुन्हा?'
'पुन्हा. पण दीड दिवस वाळवलं होतं, फादर.'
पलीकडे खोकला, किंवा खोकल्यासारखं काही.
मला राग आला, स्वतःचा, वाऱ्याचा, त्यांचाही.
विचारलं, तुम्ही कुणाकडे जाता?
म्हणाले, मंगळवारच्या बोटीनं, माल्टात,
एक म्हातारे कपुचिन आहेत.
दोन्ही कानांनी कमी ऐकतात.
मोठ्यानं सांगावं लागतं.
दारात उभे असलेलेही ऐकतात.
'दर महिन्याला?'
'दर पंधरा दिवसांनी. आणि बहुतेक वेळा तेच.'

मग त्यांनी क्षमेचे शब्द उच्चारले,
पहिल्यांदा उच्चारावेत तसे, सावकाश, एकही न गिळता.

आता पुन्हा मे आहे. पाण्याला अजून गारठा.
झारेन पाठ धरून विचारतो,
दरवर्षी तेच शेवाळ, कंटाळा नाही येत?
येतो, मी म्हणते,
आणि खरवडणं त्याच्या हातात देते.
एकशे बारापैकी सतरा झालीत.
आज शनिवार आहे. चारला मला निघायचंय.