लाल शाई

हुपरीची शाळा, सातवी ब.
निबंधाच्या वहीत मी लिहिलेलं:
सकाळी उठलो. आईला घुंगरं जोडू लागलो.
मग शाळेला आलो.
बाईंनी तिन्ही 'लो' गोल केले,
शेजारी लाल शाईत:
तू मुलगी आहेस ना?

वर्ग हसला.
आसावरी चौगुले सगळ्यात मोठ्यानं,
घरात तीपण 'आलो'च म्हणते.

आई 'दमलो' म्हणते,
पाठ भिंतीला लावते,
आणि पुढचं पैंजण घेते.
'दमले' म्हटल्यावर कमी दमायला होतं का,
विचारायला पाहिजे.

फळ्याच्या बाजूला तक्ता आहे, बालकांचे हक्क.
पाच गुणांना येतो. मला पाठ आहे.
मत मांडण्याचा हक्क, तिसरी ओळ.
कुठल्या तोंडानं मांडायचं
ते काही छापलेलं नाही.

'मी आले', दहा वेळा लिहून आणायचं होतं.
लिहिलं.
दहाही वेळा दुसरीच कुणीतरी आली
आणि माझ्या बाकावर बसली.

मधल्या सुट्टीत पाणी प्यायला गेलो
तर टाकीच्या मागं बाईंचा फोन:
'व्हय गं आई, जेवलो.
डबा संपवलाय सगळा.
ठेवतो आता, घंटा झाली.'

घंटा झाली नव्हती.
नळ माझ्या हातात तसाच चालू.
बाई वळल्या.
पदरावर लाल शाईचा एक ठिपका.

आम्ही दोघी काहीच बोललो नाही.

बोललो.
अनेकवचनात चालतं म्हणे.