ए साडेतीन

तुर्भ्याच्या एमआयडीसीत, शेवयांच्या कारखान्याच्या वर
माझी भट्टी.
तिथे मी दात भाजतो.
माणसं मला माहीत नसतात.
प्लास्टरचा जबडा येतो, सोबत चिठ्ठी,
चिठ्ठीवर शेडचा नंबर.

सात वर्षांपूर्वीची एक चिठ्ठी:
गोपिका नाखवा, वय सत्तेचाळीस, दिवाळे कोळीवाडा.
वरचे पुढचे दोन. वल्ह्याचा फटका. एक काळवंडलेला.
ए दोन.
मी नखाएवढे दोन पापुद्रे केले,
खालचा काळोख डोकावू नये म्हणून
आतून दुधी थर दिला
आणि विसरलो.

परवा बेलापूरहून डॉक्टर केंकरेंचा फोन.
तुमच्या व्हिनिअरचा रंग गेलाय म्हणतायत. या जरा.

बावीस वर्षं हा धंदा,
पण स्वतःचं काम कुणाच्या तोंडात
मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितलं.

खिडकीपाशी चला म्हटलं,
दिव्याखाली रंग खोटं बोलतो.
त्या आल्या, ओठ वर धरला.
माझे दोन जसेच्या तसे होते. दुधाचे.
आजूबाजूचे मात्र
सात वर्षांचा चहा, सात वर्षांची हळद पिऊन
पुढे निघून गेले होते.
आणि हिरडीपाशी, सिमेंटच्या सांध्यात,
एक तपकिरी रेघ:
जेट्टीच्या खांबावर भरतीची राहते तशी.

मिश्री? डॉक्टरांनी विचारलं.
कंदी कंदी.
म्हणजे?
सकाळी. मग मासळी इकून आल्यावर. मग झोपताना.

डॉक्टर सांगू लागल्या.
मिश्री बंद. कोळसा नको, सोडा नको, मीठ नको,
खरखरीत काही घासलं की चकाकी ओरखडते
आणि ओरखड्यात चहा मुक्कामाला येतो.
मऊ ब्रश. सांध्यातून दोरा.
सुपारी दातानं फोडायची नाही.
रात्री दात खाता, तर प्लेट लावून झोपा.
पांढरं करायचं औषध याला लागू पडत नाही,
भट्टीतून आला तोच याचा जन्माचा रंग.

गोपिकाबाई ऐकत होत्या
गिऱ्हाईक घासाघीस करताना ऐकतात तशा,
नजर तिसरीकडे.
मग माझ्या हातातली शेडची पट्टी ओढून घेतली.
सोळा नमुने. बोटानं एकेक सरकवत गेल्या,
पाटीतली मासळी निवडावी तसं.
ह्यो बर्फातला.
ह्यो पन बर्फातला.
ह्यो कुनाला इकाल? मेलेला हाय.
थांबल्या. एक उचलला, ओठाशी धरला.
ह्यो आजचा. ह्यो माजा.

ए साडेतीन.
सहसा कुणी मागत नाही.
माझ्या कपाटात त्याची बाटली
शेवटची तारीख उलटून पडलेली असते.

पण नवे पांढरे बसतील तुम्हाला, मी म्हटलं,
बाकीचेही उजळून घेता येतील.
त्या हसल्या, तोंड झाकून.
सात वर्षं अशाच हसत होत्या की काय,
विचारायचं मला सुचलं नाही.
म्हणाल्या, घरात दोन पावनी बसल्यावानी वाटतं.
जेवत नाय, म्हातारी होत नाय, जात पन नाय.

नवी बाटली मागवली.
मानेजवळ गेरूचा थर, टोकाला किंचित राखाडी,
मधे केसाएवढी एक तडा गेल्याची रेघ,
खरी नाही, रंगवलेली.
तीनदा भाजले. एक फुटला, परत केला.

बसवले त्या दिवशी मला आत बोलावलं.
गोपिकाबाईंनी आरसा लांब धरला, जवळ धरला,
जिभेनं सांधा चाचपला.
ही हिरडीकडची पिवळट छटा?
मीच घातली. शेजारच्यांत मिसळावी म्हणून.
म्हंजे पुसली तरी जायाची नाय?
नाही.

मग झालं तर, त्या उठत म्हणाल्या,
आता मिश्री लावली तरी कोनाला कलनार?

डॉक्टर केंकरेंनी हातमोजे काढले,
छताकडे पाहिलं
आणि पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.
मिश्री बंद. कोळसा नको. सोडा नको.