अकरा महिन्यांचा करार

मुळाक्षरांत एक ङ होता.
गुरुजींनी पाटीवर गिरवून घेतला,
पुढे चाळीस वर्षं कुठे लागला नाही.
मग उलव्यात, सेक्टर एकोणीसमध्ये,
माझा गाळा बघायला एक बाई आली
आणि म्हणाली, मी ङ्वेत.

करारात टायपिस्टने श्वेता घातलं.
सोसायटीत श्वेता, दूधवाल्याकडे श्वेतामॅडम.
ती कुणालाच दुरुस्त करत नाही.
फक्त कॉफी घाईत मागितली की मान हलवते.

तिचा तो पत्र्याचा इवला फिल्टर
पेल्याच्या डोक्यावर टोपीसारखा बसतो.
तळाशी डब्यातलं घट्ट दूध,
त्यावर एक काळा थेंब. मग थांबा.
मग दुसरा.
विमानतळाच्या साइटवरचा एक इंजिनियर
थेंब मोजत बसला आणि एकशे बाराला उठून गेला,
पैसे ठेवून, पेला तसाच.

मी म्हटलं, भिंतीवर लिहून ठेव,
थेंबे थेंबे तळे साचे.
अर्थ समजावून घेतला तिने, नीट.
म्हणाली, तळं कशाला? एक पेला पुरे.

बुटकी लाल स्टुलं मांडली तिने पदपथावर,
सगळी रस्त्याकडे तोंड करून.
आमच्याकडे असल्या स्टुलावर बसून बायका
न्हाणीत कपडे घासतात.
तरी बसले लोक, हळूहळू:
पार्सल वाटणारे, पोरांना क्लासला सोडून आलेल्या आया,
गुडघे हनुवटीला लागेस्तोवर.
मार्चमध्ये अतिक्रमणवाले आले,
नऊ स्टुलं टेम्पोत घालून नेली.
दहावं वाचलं, कारण त्यावर माझे वडील बसले होते.

वडील, जोमा हसुराम घरत, वय सत्त्याऐंशी.
हा सेक्टर म्हणजे त्यांचं मिठागर.
एटीएम आहे तिथे मिठाची रास लागायची,
आमच्या गाळ्याखाली तिसरा बांध,
असं ते सांगतात. नकाशा माझ्याकडे नाही.
साडेबारा टक्क्यांचा कागद आहे.

एके दिवशी तिने त्यांना मिठाची कॉफी दिली.
तिच्याकडे पितात म्हणे, सायीत मीठ फेटून,
कडूवर पांढरा थर.
त्यांनी घोट तोंडात फिरवला, गिळला,
आणि म्हणाले, "ह्या मीठ आपला नाय."

पुडीतलं होतं. आयोडीनचं.
तिला मराठी जेमतेम कळतं, आगरी तर कुठून,
पण तिने फोन काढला.
फोटोत तिचा मामा, खांद्यावर कावड,
दोन्ही टोपल्यांत पांढरे ढीग,
मागे चौकोनी पाणीच पाणी.
वडिलांनी फोटो मोठा करायला लावला.
मामाचं तोंड नको, पाय दाखव.
टाचा बघितल्या.
"भेगा बग. खरा हाय."

नावाचा अर्थ विचारला, तर तिने बोट वर केलं. चंद्र.
"मंग तू उधानाची," ते म्हणाले,
आणि हे मात्र मला तिला समजावता आलं नाही.

दुसऱ्या दिवशी पलंगाखालची गोणी निघाली,
शेवटच्या हंगामाची,
इतक्या पावसाळ्यांत पाझरून निम्मी झालेली.
काळपट, जाड खडे. ती नखाने कचरा वेचते,
खलबत्त्यात कुटते.
एका बाईने पेला परत केला, चिखलाचा वास येतो म्हणून.
ङ्वेतने तो स्वतः प्यायला.

वडिलांनी हिशोब मांडला:
पेल्याला एक चिमूट,
दिवसाला तीस पेले, रविवारी पन्नास,
गोणी नऊ वर्षं जाईल.

माझा करार अकरा महिन्यांचा.
सात झाले, भाडं दोन महिन्यांचं थकलंय,
मी काल संध्याकाळी मागायलाच गेलो होतो.
वडील स्टुलावर. मी उभा.
तिने न विचारता माझ्यासाठी पेल्यावर टोपी ठेवली.
मी विषय काढायला तोंड उघडलं,
तर वडिलांनी हात आडवा केला.
"थांब रं. परू दे."