परिशिष्ट तेरा-ब

वीस वर्षांचा करार म्हातारा झाला, असं ठरलं.
त्यात फॅक्सचा नंबर होता, लिथियम हा शब्द नव्हता,
आणि चीजच्या नावांबद्दल एकच ओळ, तीही तळटीपेत.
मग समुद्रापल्याडच्या दोन टेबलांनी,
ब्रुसेल्सचं लांब, सान्तियागोचं गोल,
नऊ वर्षं एकमेकांना मसुदे पाठवले.
मी त्यातल्या तेरा-बचा कारकून.

तेरा-ब म्हणजे नावं.
कोणती त्यांची, कोणती आमची,
कोणती आमच्या घरात वाढली तरी त्यांचीच.

ऑगस्टमध्ये, म्हणजे आमच्या ऐन हिवाळ्यात,
मी दक्षिणेला गेलो, त्राइगेनच्याही पुढे,
जिथे डांबर संपतं आणि बसवाला उगाच शिट्टी वाजवायला लागतो.
नेल्दा बाल्दुच्ची कढईत कोपरापर्यंत हात घालून उभी होती.
"बसा. गोळा बांधेपर्यंत मी बोलत नाही."
मी बसलो, फॉर्म मांडीवर घेऊन.

रकाना एक: हे नाव कधीपासून वापरता?
रकाना दोन: पुरावा.

हात पुसून तिनं खिळ्यावरचा लोखंडी शिक्का काढला.
आजोबा जेनोवाहून जहाजात बसले, एकोणीसशे चार साली,
ट्रंकेत दोन सदरे आणि हा:
सान्ताफ्रेदा.
त्यांच्या दरीचं नाव.
तिथे पोटाला नव्हतं म्हणून निघाले.
तेव्हा कुणी म्हणालं नाही, नाव इथेच ठेवून जा.
धक्क्यावर त्याची जकातही लागली नाही.

"एखादी जुनी पावती?"
"घरच्या नावाची कसली पावती?"

मी समजावलं.
यादीत आलात तर अजून बारा वर्षं वापरता येईल.
मग नवं शोधायचं. मंत्रालय मदत करेल,
लेबलासाठी अनुदान आहे.
तिनं बोटांवर बेरीज केली, एकाहत्तर आणि बारा.
"गावात म्हणायचे, पोरीनं आजोबांचं नाव काढलं.
आता तुम्ही आलायत. काढा."

मी गप्प राहिलो.
कारण त्या दरीतही कुणी असणार,
तिच्याच वयाची, कदाचित तिच्याच आडनावाची,
जिचं चीज आमच्या स्वस्त वडीपुढे दुकानात पडून राहतं.
तिचाही फॉर्म दुसऱ्या कुणाच्या मांडीवर असेल.
दोघींना एका खोलीत बसवावं, असं कलम नाही.
मी शोधलं. अठराशे पानं.

आम्हाला काय मिळालं तेही सांगायला हवं:
शिंपले, मध, ऑलिव्ह तेलाचा वाढीव कोटा.
सान अन्तोनिओच्या बंदरात माझा भाऊ क्रेन चालवतो,
त्यानं आत्ताच नव्या फ्रिजची चौकशी केलीय.
आकडे चांगले आहेत. ते मीच जुळवलेत.

निघताना तिनं पाव किलोचा तुकडा कागदात बांधून दिला.
"तिकडच्यांना चाखायला द्या. ओळखतील."

ब्रुसेल्सच्या विमानतळावर निळ्या हातमोज्यांतल्या मुलीनं बॅग उघडली.
कराराची प्रत अलगद बाजूला ठेवली.
पुडी सोडली, वास घेतला.
बाहेरच्या देशातलं दुधाचं काही आत आणता येत नाही,
हा नियम मला पाठ होता. तरी आणलं होतं.

"हे काय?"
तिच्या फॉर्मवरही एक रकाना होता.
मला परिशिष्टातली सगळी नावं येतात, वर्णानुक्रमे.
मी म्हणालो, "दूध. घट्ट झालेलं."

तिनं तुकडा उलटा केला. सालीवर शिक्का होता.
सान्ता... फ्रेदा, तिनं मोठ्यानं वाचलं,
घशातून र काढत, थोडं चुकीचं.
एकशे वीस वर्षांनी ते नाव
या किनाऱ्यावर कुणीतरी उच्चारलं होतं.

मग तिनं पायानं डब्याचं झाकण उघडलं.