सत्तर अक्षरांत

देवनागरीत एका संदेशाला सत्तरच अक्षरं मिळतात.
रोमनमध्ये एकशे साठ. आपल्याला सत्तर.
काना वेगळा मोजतात, वेलांटी वेगळी,
अनुस्वाराचा ठिपकासुद्धा फुकट नाही.
मधुमेह म्हणजे सहा.
भीती चार.
हिंदीतला डर दोनातच भागतो,
म्हणून डॉक्टर खिरवडकर पहिल्याच दिवशी म्हणाले,
स्वस्त पडतो म्हणून तो वापरायचा नाही.

मी रामबागेत राहते, मराठीत विचार करते
आणि भंवरकुआंच्या, पाटनीपुऱ्याच्या, मालवा मिलच्या
दोनशे चौदा मुलांना हिंदीत लिहिते.
कॉलेजच्या शिबिरात ज्यांची साखर
काठावर सापडली, ती ही मुलं.
आजारी नाहीत. नाहीत असंही नाही.
उंबरठ्यावरून मागे फिर,
एवढंच सांगायचं, न ओरडता,
आणि तेही मोजून.

सुरुवातीला सकाळी सातला पाठवायचे:
पोह्यांवर शेव कमी घ्या.
सकाळी सातला. इंदुरात.
एकाने विचारलं, जीरावनही सोडू का, की शहरच?
अल्फियाने लिहिलं, आमच्या मेसमध्ये
कमी घ्यायला आधी काही असावं लागतं.
मग मी वेळा बदलल्या,
प्रत्येक ओळीतून 'चाहिए' उपटून काढलं.
पाच पाच अक्षरं वाचली.
त्यांना श्वास घ्यायला ठेवली.

शेवटी ४४१७ असलेला नंबर कधी उत्तर द्यायचा नाही.
वय एकोणीस, नाव गिरिराज,
रात्री सराफ्यात, वडिलांच्या कढईशी.
सोन्याची शटरं खाली आली
की तिथे यांची शेगडी पेटते
आणि दीडपर्यंत जिलबी.
त्याला मी काय पाठवत होते?
रात का खाना जल्दी खाओ.

एकदा पावणेबाराला त्याचं आलं:
चखे बिना कैसे पता चले कि चाशनी बनी?

आमच्या पुस्तिकेत याचं उत्तर नव्हतं.
बाबांकडे गेले. ते झोपण्याआधीचं इन्सुलिन घेत होते,
पोटाची कातडी चिमटीत धरून.
मान न उचलता म्हणाले,
जिभेने कोण बघतं? एकतारी पाक बोटांनी बघतात.
सुई काढली, आणि तीच दोन बोटं
जवळ आणली, हळूच लांब केली.
मधे काही नव्हतं,
तरी आम्ही दोघं तिथेच बघत राहिलो.

'चाशनी जीभ से नहीं, उँगली से पहचानो'
चौतीस अक्षरं. अर्ध्याहून जास्त जागा उरली.
तिथे मी काहीच लिहिलं नाही.

सहा महिन्यांनी पुन्हा शिबिर झालं.
मी नव्हते, सिस्टर सांगत होत्या:
एका पोराच्या बोटात सुईच शिरेना,
तर्जनी भाजून भाजून राठ.
तो म्हणाला, करंगळी घ्या,
ती अजून धंद्याला लागलेली नाही.
आकडा किती आला ते त्या सांगू शकत नाहीत
आणि मी विचारू शकत नाही.

काल रात्री ४४१७ वरून:
दीदी, आपने अपनी करवाई?

बावीस अक्षरं, प्रश्नचिन्ह धरून.
बाकीच्या दोनशे तेरांना मी यंत्र वाटते,
पगार देणाऱ्यांनाही तेच बरं वाटतं.
याला कोणी सांगितलं मी बाई आहे?
आणि चिमटीचं कोणी सांगितलं?

सव्वीस वर्षांची आहे मी.
खणात बाबांचं यंत्र, पट्ट्यांची डबी,
सुयांचं एक पाकीट, न फोडलेलं.
रोज त्याच खणातून मी चार्जर काढते.

उत्तर लिहायला घेतलं.
नाही आणि नहीं,
दोन्हींचं पहिलं अक्षर एकच.

न

शिल्लक एकोणसत्तर.