बारा आठवडे

तार्तूच्या बेकरीत पहाटे तीनला
राईचं पीठ मळताना मेरिके मोजते:
अकरा दिवस.

त्याचं नाव तिला अर्धंच आठवतं,
ओठाच्या कोपऱ्यावरची खपली मात्र पुरती.
तेव्हा वाटलं, थंडीनं ओठ फुटलाय.

संडासाची कडी लावून, फोनच्या उजेडात
ती स्वतःकडे असं बघते
जसं आजवर कुणाकडेच बघितलं नाही.
ही पुळी, की वस्तऱ्याची खूण?
ही आग खरी, की आगीची वाट बघणं?

नर्स नखं कापता कापता बोलावं तशी बोलली,
"फोड आला तर लगेच ये, कापसाच्या काडीवर घेऊ.
नाही आला तर रक्त. पण बारा आठवड्यांनी.
आणि हर्पीस पुष्कळांना असतो गं,
त्यांना माहीत नसतं, एवढंच."

पुष्कळांना.
परतताना बसमध्ये ती एकेक ओठ बघत आली.

घरी धाकटी बहीण तिच्याच कपातून कॉफी प्यायला लागली
तशी मेरिके ओरडली.
मग काय सांगावं सुचेना, म्हणून म्हणाली,
कडू आहे.

भट्टीत पाव फुगतायत.
कॅलेंडरवर मे महिन्यातल्या एका मंगळवारी
तिनं काहीच लिहिलेलं नाही,
नुसतं पिठाचं बोट टेकवलंय.